ॲम्प नाही, तरी गिटार दणक्यात: जामखेडच्या खोलीतलं होम रेकॉर्डिंग आणि त्याच्या धंद्याचं गणित



आपण बहुतेक वेळा दाळ मिल, मसाला कांडप, शेळीपालन, दुकान अशा धंद्यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण हल्ली तालुक्याच्या गावांमधून हा प्रश्न सारखा येतो. "सर, गिटार येते, घरात एक खोली रिकामी आहे, लॅपटॉप आहे. रेकॉर्डिंगचा धंदा करायचाय. ॲम्प मॉडेलर घेऊ का? हप्त्यावर मिळतोय."

या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता? मॉडेलर नाही. "हप्त्यावर" हा आहे. घरात सोयाबीनचे नाहीतर दुधाचे पैसे येतात, त्यातून हा हप्ता जाणार असतो. म्हणून आज दोन्ही बाजू बघू. हे यंत्र करतं काय, ते नीट समजून घेऊ. आणि मग वही-पेन घेऊन हिशोब करू. हिशोब बसला तर घ्या, नाही बसला तर थांबा. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत.

एकाच शहरातल्या दोन जागा

"सैराट" आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झाला, हे तुम्हाला माहीतच आहे. २०१६ सालच्या या सिनेमाच्या संगीतासाठी अजय-अतुल अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या सोनी स्कोरिंग स्टेज नावाच्या भल्यामोठ्या दालनात पूर्ण वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलं. तो आवाज तसाच पाहिजे होता, आणि तो खोलीत झाला नसता.

आता त्याच लॉस एंजेलिसमधलं दुसरं उदाहरण घ्या. बिली आयलिश ही गायिका आणि तिचा भाऊ फिनियस. २०१९ साली आलेला तिचा पहिला मोठा अल्बम मुख्यतः आईवडिलांच्या घरातल्या, भावाच्या छोट्या बेडरूममध्ये तयार झाला. २०२० च्या सुरुवातीला त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

शहर एकच. एकाला दालन लागलं, दुसऱ्याचं काम खोलीत झालं. मोठी जागा चांगली की छोटी चांगली, हा मुद्दाच नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला जो आवाज हवाय, तो कोणत्या जागेत आणि किती खर्चात तयार होतो, हे तुम्हाला कळलं पाहिजे. धंदा तिथूनच सुरू होतो.

मॉडेलर म्हणजे नेमकं काय?

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर आवाज अगदी बारीक येतो. तारांखाली पिकअप असतात, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. तार हलली की त्यात अगदी कमी व्होल्टचा सिग्नल तयार होतो. तो सिग्नल ॲम्पमध्ये जातो, तिथे वाढतो, जाडा-बारीक होतो, थोडा फाटतो, मग स्पीकरच्या डब्यातून बाहेर येतो. स्टुडिओमध्ये त्या स्पीकरसमोर माइक लावतात. आपण गाण्यात जो गिटारचा आवाज ऐकतो, तो या पूर्ण साखळीचा असतो: गिटार, ॲम्प, स्पीकर, माइक आणि ती खोली.

यात अडचण कुठे येते? जुन्या पद्धतीच्या ट्यूबवाल्या ॲम्पचा खरा आवाज तो जोरात लावला की खुलतो. जामखेडच्या एखाद्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून घरं असताना, तो जोरात लावून बघा. पहिल्या पाच मिनिटांत शेजारच्या काकू दारात येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

डिजिटल मॉडेलर ही अख्खी साखळी गणिताने करतो. आत एक प्रोसेसर असतो. ॲम्प सिग्नलवर काय परिणाम करतो, त्याची नक्कल तो त्या क्षणी करतो. स्पीकर आणि माइकच्या भागासाठी एक छोटी फाइल वापरतात, तिला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर म्हणतात. एखाद्या स्पीकरच्या डब्याचा आवाज कसा उमटतो, त्याचा तो ठसा समजा. मग आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा आणि यूएसबी वायरने थेट लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायचा. खोलीत बाहेर फक्त तारांची टिकटिक ऐकू येते.

बाजारात ढोबळमानाने चार प्रकार दिसतात:

१. पायाने चालवायचं पेडल, ज्यात ॲम्प, इफेक्ट आणि यूएसबी रेकॉर्डिंग एकत्र असतं. बॉसचं जीटी-वन, न्यूक्सचं एमजी-३०, व्हॅलेटॉनचं जीपी-२००, लाइन सिक्सचं पॉड गो ही त्यातली नावं.
२. मॉडेलिंग असलेला छोटा ॲम्प, उदाहरणार्थ बॉस कटाना. वाजवायलाही चालतो, यूएसबीने रेकॉर्डही होतो.
३. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर आणि सोबत ऑडिओ इंटरफेस. न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि मुक्त स्रोताचं आहे. त्यासाठी हौशी लोकांनी खऱ्या ॲम्पवरून तयार केलेल्या फाइल्सही इंटरनेटवर फुकट मिळतात.
४. महागडी व्यावसायिक यंत्रं: केम्पर, फ्रॅक्टल, क्वाड कॉर्टेक्स. पहिल्या दोन वर्षांत यांच्याकडे बघूही नका.

तिसरा प्रकार लक्षात ठेवा. हिशोबाच्या वेळी तो कामाला येणार आहे.

एका इंजिनिअरचं तळघर

ही कल्पना धंदा म्हणून कशी उभी राहिली, ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. अमेरिकेत टॉम शोल्झ नावाचा एक इंजिनिअर पोलरॉइड कंपनीत नोकरी करायचा. नोकरी सांभाळून त्याने घराच्या तळघरात स्वतःचा स्टुडिओ उभा केला. १९७६ साली त्याच्या "बॉस्टन" या बँडचा पहिला अल्बम आला, त्यातला बराचसा भाग त्या तळघरात रेकॉर्ड झाला होता. अल्बम प्रचंड खपला.

घरात मोठ्या ॲम्पचा आवाज काढणं किती त्रासाचं असतं, हे त्याला स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं. १९८० मध्ये त्याने कंपनी काढली आणि १९८२ मध्ये रॉकमन नावाचं, कमरेला लावता येईल एवढं यंत्र आणलं. गिटार जोडायची, हेडफोन लावायचा, आवाज तयार. ते डिजिटल नव्हतं, साध्या सर्किटवर चालायचं, पण मोठमोठ्या बँडनी ते रेकॉर्डिंगला वापरलं. पुढे १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचं पॉड आलं. लाल रंगाचं, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं. त्यात डिजिटल मॉडेलिंग होतं, आणि घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या टेबलावर ते सगळीकडे दिसायला लागलं. २०११ च्या केम्परने पुढची पायरी गाठली: तुमच्याच ॲम्पचा आवाज मोजायचा आणि यंत्रात साठवून ठेवायचा.

यातून शिकायचं काय? शोल्झने आधी स्वतःची अडचण सोडवली, मग तो उपाय इतरांना विकला. तुमच्या गावात आवाजाशी संबंधित कोणाची काय अडचण आहे? तुमचं उत्तर तिथे सापडेल.

तालुक्याच्या गावात याचा खरा फायदा

शहरातले यूट्यूबवाले सांगतात की मॉडेलरमध्ये शंभर ॲम्प आहेत, दोनशे इफेक्ट आहेत. आपल्याला त्यातले चार लागतात. आपल्याकडचे फायदे वेगळेच आहेत.

पहिला फायदा: बाहेरचा गोंगाट आत येत नाही. गिटारचा सिग्नल वायरमधून जातो. बाहेर एसटीचा हॉर्न वाजू दे, कुत्रं भुंकू दे, पत्र्यावर पाऊस पडू दे, रेकॉर्डिंगमध्ये काही येत नाही. माइकचं तसं नाही, माइक सगळं उचलतो. म्हणून कामाची वाटणी करा. गिटार, बेस, बँजो दिवसा. गाणं आणि ढोलकी रात्री उशिरा किंवा पहाटे.

दुसरा फायदा: बँजो. आपल्याकडे मिरवणुकीतला, कळा दाबून वाजवायचा बँजो इलेक्ट्रिक पिकअपवर चालतो. तोही मॉडेलरला जोडता येतो. स्वच्छ ॲम्पचा आवाज, थोडा एको, थोडा फाटका टोन, आणि बँजो पार्टीवाल्यांना हवा तसा आवाज खोलीत मिळतो. रवी जाधवांनी २०१६ मध्ये "बँजो" नावाचा हिंदी सिनेमाच काढला होता, इतकं हे वाद्य आपल्या मातीतलं आहे. गिटारवाले गावात मोजके असतील. बँजोवाले नक्की भेटतील.

तिसरा फायदा पैशाचा आहे आणि सगळ्यात मोठा आहे: कोरा ट्रॅक. बहुतेक यूएसबी मॉडेलर आणि सगळी सॉफ्टवेअर दोन गोष्टी एकदम ठेवू देतात: ॲम्प लागलेला आवाज आणि गिटारचा मूळ कोरा सिग्नल. गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, गिटार जरा मऊ करा ना," तर पुन्हा वाजवायची गरज नाही. कोऱ्या ट्रॅकवर दुसरा ॲम्प लावला की काम पंधरा मिनिटांत झालं. याला री-ॲम्पिंग म्हणतात. तुमचे तास इथे वाचतात, आणि तुमच्या धंद्यात तास म्हणजेच माल.

जोडताना या पाच गोष्टी पाळा

१. योग्य खाचेत वायर. ऑडिओ इंटरफेसवर "इन्स्ट" किंवा "हाय-झेड" असं लिहिलेली जागा असते. गिटार तिथेच लावा. साध्या लाइन इनपुटला लावली की आवाज मंद, गोधडीखालून आल्यासारखा येतो, आणि लोक दोष गिटारला देतात.

२. आवाजाची पातळी. सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला लागला की डिजिटलमध्ये जो फाटका आवाज येतो, तो नंतर कशानेच दुरुस्त होत नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर थोडं हळू रेकॉर्ड झालेलं चालतं.

३. स्पीकरची नक्कल एकदाच. मॉडेलरमध्ये कॅब चालू आणि लॅपटॉपमध्येही आयआर चालू, अशी गडबड फार होते. आवाज दबका येतो. एक ठिकाणी ठेवा, दुसरीकडे बंद करा. हेडफोन, मिक्सर किंवा लॅपटॉपला जाताना कॅब चालू हवा. खऱ्या गिटार ॲम्पला जोडताना बंद हवा.

४. उशीर. वाजवलं आता आणि ऐकू आलं नंतर, याला लेटन्सी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची सेटिंग असते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात हवेतून आवाज एक मीटरच्या आत-बाहेर जातो. प्रत्यक्षात जाताना-येताना मिळून उशीर याहून जास्त होतो, तरी वाजवायला अडत नाही. बफर १०२४ वर असेल तर मात्र ताल चुकणारच. विंडोज लॅपटॉपवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका.

५. वीज आणि अर्थिंग. गिटारमध्ये सतत "हूं" असा आवाज येत असेल तर तो आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. आधी घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. हजारो रुपयांचं यंत्र बदलण्याआधी हे करा. गिटार हातात धरून जागेवर फिरून बघा, एका दिशेला आवाज कमी होतो. आणि यूपीएस हवाच. गिऱ्हाईक पन्नास किलोमीटरवरून आलंय, चांगला टेक झाला, आणि लाइट गेली, तर फाइल आणि गिऱ्हाईक दोन्ही जातात.

सोबत साठवणुकीचंही बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांचं गाणं आणि दहा ट्रॅक म्हणजे सुमारे ४३० एमबी. एवढं म्हणजे एकाच टेकचं. प्रत्येक गाणं दोन ठिकाणी ठेवा: लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क. फाइलला नाव देताना तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि गाणं लिहा. "फायनल", "फायनल २", "एकदम फायनल" ही नावं बंद करा.

गिऱ्हाईक कोण?

खरं बोलूया. जामखेडमध्ये फक्त इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करून घेणारे महिन्याला किती येतील? अगदी थोडे. मॉडेलर हे तुमचं एक अवजार आहे. विकायचं आहे ते पूर्ण गाणं, किंवा गाण्यातला एक पूर्ण तुकडा.

आपल्या भागाचं कॅलेंडर बघा. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं. ३१ मेला अहिल्यादेवींची जयंती, आणि त्यांचं जन्मगाव चोंडी तर जामखेड तालुक्यातच आहे. मग गणेशोत्सव, नवरात्र. गावोगावचे शाहीर, भजनी मंडळं, ओव्या म्हणणारे लोक, शाळांची स्नेहसंमेलनं, निवडणुकीतली प्रचाराची गाणी, नव्या दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात. परिसरातल्या लोककला केंद्रांमध्ये ढोलकी आणि पेटी वाजवणारे कसलेले कलाकार आहेत. त्यांना स्टुडिओ लागला की नगर किंवा पुण्याची वाट धरावी लागते. नगर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. जाणं-येणं, जेवणखाण, एक दिवसाचा खाडा. हा सगळा खर्च तुमच्या खोलीमुळे वाचतो. दर सांगताना हीच गोष्ट गिऱ्हाइकाला दाखवा.

दुसरं गिऱ्हाईक इंटरनेटवरचं. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या संगीतकाराला गिटारचा ट्रॅक हवा असतो, तो फाइल पाठवतो, तुम्ही वाजवून परत पाठवता. इथे मॉडेलर पुरेपूर कामाला येतो. पण फायवरसारखं प्लॅटफॉर्म तुमच्या कमाईतले २० टक्के कापतं, आणि पहिली पाच-दहा कामं मिळायला वेळ लागतो. पहिल्या सहा महिन्यांच्या हिशोबात हे उत्पन्न शून्य धरा. आलं तर बोनस.

आता वही-पेन घ्या

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले भाव घेऊन तुम्ही स्वतः पुन्हा मांडा. गिटार आणि लॅपटॉप आहेच असं धरू.

ऑडिओ इंटरफेस १०,००० रुपये. हेडफोन ६,०००. माइक आणि स्टँड ८,०००. वायर, तारा, किरकोळ ३,०००. यूपीएस ४,०००. जाड पडदे, सतरंज्या, गोधड्या ४,०००. हार्ड डिस्क ५,०००. बेरीज ४०,०००. मॉडेलर पेडलचे २०,००० धरले तर ६०,०००.

आता वरचा तिसरा प्रकार आठवा. गाणाऱ्याच्या माइकसाठी ऑडिओ इंटरफेस तुम्हाला घ्यावाच लागणार आहे. तो आला की गिटार त्याच्यातच लावा आणि मोफत सॉफ्टवेअरने ॲम्पचं काम करा. रेकॉर्डिंगसाठी रीपर नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर छोट्या धंद्यासाठी परवाना ६० डॉलरचा. म्हणजे पहिल्या दिवशी पेडल नसलं तरी दुकान उघडतं. पेडल केव्हा घ्यायचं? स्टेजवर वाजवायचे कार्यक्रम मिळायला लागले, किंवा लॅपटॉप अडखळायला लागला तेव्हा. तेही कमाईतून.

४०,००० रुपये कर्ज घेतलं, १२ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता साधारण १,८८५ रुपये. वीज आणि इंटरनेट १,०००. तारा, दुरुस्ती ५००. पेट्रोल, फोन १,०००. महिन्याचा खर्च सुमारे ४,४००.

एका गाण्याचे १,५०० घेतले तर तीन गाण्यांत ४,५०० येतात आणि खर्च भागतो. छान वाटतं ना? थांबा. तुमची मजुरी कुठे आहे? एका गाण्याला चार तास रेकॉर्डिंग, चार तास एडिटिंग-मिक्सिंग, दोन तास बदल. दहा तास. तासाला फक्त १०० रुपये मजुरी धरली तरी गाण्यामागे १,००० तुमचे. खर्चाला उरतात ५००. ४,४०० भागवायला मग नऊ गाणी लागतात. नऊ गाणी म्हणजे ९० तास काम, आणि दर महिन्याला नऊ गिऱ्हाइकं.

आता दर २,५०० करा. मजुरीचे १,००० बाजूला काढले की खर्चाला १,५०० उरतात. तीनच गाण्यांत खर्च भागतो आणि तुमची मजुरीही निघते.

दोन्ही ठिकाणी खोली तीच, माइक तोच, मॉडेलर तोच. बदलला फक्त दर. म्हणून "सुरुवातीला स्वस्तात करू, नाव झालं की वाढवू" ही सवय सोडा. सुरुवातीला सूट द्यायची असेल तर बिलावर पूर्ण दर लिहा, सूट वेगळी लिहा. गिऱ्हाइकाला खरा दर कळला पाहिजे.

दुसरा उपाय म्हणजे तास कमी करणं. कोरा ट्रॅक जपला तर बदलाचे दोन तास अर्ध्या तासावर येतात. गिऱ्हाइकाशी आधीच ठरवा: निम्मे पैसे आगाऊ, दोन बदल मोफत, तिसऱ्यापासून पैसे. हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि त्यांचं "ठीक आहे" आल्यावरच काम सुरू करा.

कागदपत्रं आणि हक्क

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. कोणी त्यासाठी फी मागत असेल तर ती त्याची स्वतःची फी आहे, सरकारची नाही. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कर्जासाठी मुद्रा योजनेतला शिशु गट ५०,००० रुपयांपर्यंतचा आहे. आपलं ४०,००० चं गणित त्यात बसतं. बँकेत जाताना वरचा हिशोब एका पानावर लिहून न्या. मॅनेजरला गिटार कळत नसेल, महिन्याची आवक-जावक नक्की कळते.

गाण्याच्या हक्कांचं मात्र नीट समजून घ्या. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या खोलीलाही लागू आहे. सिनेमाच्या गाजलेल्या चालीवर प्रचाराचे शब्द बसवून द्या, अशी मागणी तुमच्याकडे येणारच. परवानगीशिवाय तसं करणं जोखमीचं आहे. यूट्यूबवर टाकल्यावर दावा आला तर गिऱ्हाईक तुमच्याकडेच बोट दाखवेल. गावातल्याच कवीचे शब्द, तुमची चाल, तुमची गिटार असं नवीन गाणं विका. आणि हक्क कोणाकडे राहणार, ते पैशाच्या पावतीवर एका ओळीत लिहा.

एआय आलंय, मग हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आज मोबाइलवर चार ओळी लिहिल्या की एआय दोन मिनिटांत गाणं बनवून देतं. दुकानाच्या साध्या जाहिरातीचं काम त्यामुळे कमी होईल, हे धरूनच चला. पण भजनी मंडळातल्या आजोबांचा स्वतःचा आवाज, शाहिराचा स्वतःचा पोवाडा, शाळेतल्या मुलीने म्हटलेली प्रार्थना, ढोलकीवाल्याच्या हाताचा ठेका हे रेकॉर्डच करावं लागतं. लोक जिथे स्वतःचं माणूस ऐकायला पैसे देतात, त्या कामावर तुमचा धंदा उभा करा.

जामखेडला यंत्रापेक्षा माणूस मोठा, हे वेगळं सांगायला नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी भर दिला तो गावातल्या, फारसं शिक्षण न मिळालेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवण्यावर. १९७९ मध्ये या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक ते काम बघायला जामखेडला आले. साधन साधं असलं तरी शिकलेला हात काय करू शकतो, याचा पुरावा तुमच्याच गावात आहे. म्हणून यंत्रावर वीस हजार घालायच्या आधी कानावर सहा महिने घाला. मिक्सिंग शिका, ताल पक्का करा, गाणाऱ्याशी बोलायला शिका.

तीस दिवसांचा गृहपाठ

पहिला आठवडा: मोफत सॉफ्टवेअर टाका. इंटरफेस मित्राकडून उसना किंवा भाड्याने आणा. स्वतःची दोन गाणी रेकॉर्ड करा. मोबाइलच्या स्पीकरवर, चारचाकीत आणि हेडफोनवर ऐका. तीन ठिकाणी बरं वाटलं पाहिजे.

दुसरा आठवडा: ओळखीच्या दोन कलाकारांचं एक-एक गाणं मोफत करा. प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवा. तुमचे दहा तास खरंच दहा आहेत की सोळा, ते इथे कळेल.

तिसरा आठवडा: दहा जणांना भेटा. भजनी मंडळ, बँजो पार्टी, शाळा, शाहीर, दुकानदार. ती दोन गाणी ऐकवा आणि दर सांगा. कोण काय म्हणालं, ते वहीत लिहा.

चौथा आठवडा: तीन जणांकडून आगाऊ पैसे घ्या. "बघू", "नक्की करू", "दिवाळीनंतर" हे मोजायचं नाही. पैसे आले तरच मोजायचं.

तीन आगाऊ रकमा आल्या तर बँकेत जा, ४०,००० ची यादी घ्या आणि सुरू करा. दोन आल्या तर अजून एक महिना उसन्या सामानावर काम करा. एकही आली नाही तर कर्ज घेऊ नका. गिटार तुमचीच आहे, ती कुठे जात नाही. संध्याकाळी वाजवा, मजा करा आणि दुसरा धंदा शोधा. एका महिन्यात, खिशातून फारसं काही न जाता हे कळलं, तर घरच्यांचे चाळीस हजार वाचले.

तुमचा दहा जणांचा तक्ता आणि तासांची नोंद तयार झाली की खाली कमेंटमध्ये आकडे लिहा. यंत्राचा फोटो नको, आकडे हवेत. त्यावर आपण पुढे बोलू.

भेटूया. धंदा करा, हिशोबाने करा.